टिटवी शिबिराला जाते

मुलांनो, एका जंगलात करिअर मार्गदर्शनाचं शिबिर भरलं होतं. मोठ्यांसाठी. तुम्हाला त्याची गरज नाही. काय व्हायचंय ते तुम्हाला ठाऊक असतं.

त्या जंगलात एक टिटवी नुकतीच लग्न होऊन आली होती. माहेरी ती पाणवठ्याची राखण करायची. बिबट्या दिसला की ओरडायची. सगळे पळायचे. इथेही राखणीची जागा रिकामी होती आणि टिटवीला ती मनापासून हवी होती. पण नवा नियम निघाला होता: आधी शिबिर करा, मोरसरांचा चांगला शेरा आणा.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "फक्त आवाज बेतानं. नवीन आहेस."

शिबिरात सगळे गोल करून बसले. मोरसरांनी आपलं एक पीस काढलं.

"हे ज्याच्याकडे, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं."

पीस आधी घोरपडमावशींकडे गेलं. "वीस वर्षं त्याच कड्याला चिकटलेय, सर. आता सुटावंसं वाटतं."

"सुंदर! म्हणजे चिकाटी हे तुमचं बलस्थान. चिकटून राहा."

मग पीस वानरकाकांकडे आलं. काका तरुणपणी मारलेल्या उड्या सांगू लागले. एकेक उडी, फांदीसकट.

तेवढ्यात टिटवीला सरांच्या मागच्या गवतात ठिपके दिसले. तिनं पंख वर केला.

"सर..."

"पीस कुणाकडे आहे?"

"काकांकडे. पण सर, मागे..."

"बघा, ही घाई! हाच तुझा दोष." सरांनी वही उघडली.

"गप बस ना," मावशी कुजबुजल्या. "शेरा बिघडेल."

टिटवीनं वहीकडे पाहिलं. गवताकडे पाहिलं. मग पंख मिटला आणि ऐकत राहिली.

काका विसाव्या उडीवर होते, तेव्हा बिबट्यानं पहिली मारली.

धूळ बसली तेव्हा सर नव्हते. वही होती. टिटवीच्या नावापुढचं 'उतावीळ' खोडून लिहिलं होतं, 'ऐकून घेते. समूहात मिसळते.'

राखणीची जागा काही तिला मिळाली नाही. "इतकी शांत मुलगी तिथं वाया जाईल," काका म्हणाले. तिला सरांच्या जागी बसवलं. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, "मी म्हटलंच होतं."

पाणवठ्यावर योग्य उमेदवाराचा शोध चालू आहे.

तात्पर्य : संकट दिसताच ओरडू नये. ते कुणाच्या मागे उभं आहे, हे आधी पाहावं.