औडेफेन शाखेचा सर्वसंमत इतिहास

"ज्या पक्षाला स्वतःचा इतिहास नाही, त्याला भविष्य मागण्याचा अधिकार नाही," असं आमच्या शाखाध्यक्ष रुल्फीना मुल्डर यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तेव्हा अकरा कपांतली कॉफी सांडली आणि बशा पुसण्यासाठी सभा दहा मिनिटं तहकूब करण्यात आली.

लोकशाही श्रमिक पक्षाच्या औडेफेन शाखेत एकूण अकरा सभासद आहेत. सरासरी वय अठ्ठ्याहत्तर. मी एकाहत्तरचा असल्यामुळे शाखेचा चिटणीस तर आहेच, शिवाय युवक आघाडीचाही प्रमुख आहे.

झालं होतं असं, की आमचा पक्ष सप्टेंबरात पर्यावरणवाल्या पक्षात विलीन होणार होता. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची कुळं बघतात, तसा हेगच्या मुख्य कार्यालयाने प्रत्येक शाखेकडून तिचा इतिहास मागवला. अट एकच, इतिहास सर्वसंमत हवा आणि त्यावर प्रत्येक सभासदाची सही हवी. एकाची जरी हरकत असली तरी विलीनीकरण थांबणार, कारण एकट्या माणसाच्या मतालाही पायदळी तुडवायचं नाही, हे आमचं तत्त्व. आमच्या या सखल मुलखात बांधावरच्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुराचं पाणी उपसायचा पंप सुरू होत नाही. तोवर पाणी थांबतं, अशी आमची श्रद्धा आहे.

मी चार पानं लिहून नेली. पहिलं वाक्य होतं, 'बारा कामगारांनी एका गुत्त्यात ही शाखा स्थापन केली.'

पहिली हरकत गुत्त्यावर आली. एका सभासदाचे आजोबा पक्षाच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष होते आणि ते गुत्त्यात गेले होते ते केवळ तो बंद करायला. गुत्ता काढला. मग 'कामगारां'वर हरकत आली, कारण बारांपैकी एक जण पाद्री होता आणि एक शाळामास्तर. शेवटी 'बारा'वरही आली, कारण एक जण मतदानाआधीच शेळ्यांचं दूध काढायला घरी गेला होता. तीन मंगळवारांच्या चर्चेनंतर वाक्य मंजूर झालं, 'पूर्वी काही लोक कुठेतरी जमले.'

मी सुचवलं की निदान कॉफीबद्दल तरी लिहू, तिला कोण नाही म्हणणार. पण एकेकाळी पक्षाने तिथल्या वसाहती राजवटीच्या निषेधार्थ अंगोलाच्या कॉफीवर बहिष्कार घातला होता, आणि त्या काळात खोलीतल्या चौघांनी ती घरी पडदे ओढून प्यायली होती. चौघेही एकदम खिडकीबाहेर बघू लागले. कॉफी वगळण्यात आली.

मग आम्ही दुसऱ्या पानावर आलो. सगळे ज्याला भीत होते ते हेच पान. त्यावर आल्त्ये वीर्समा यांनी घातलेलं वाक्य होतं, 'पुठ्ठा कारखान्यातला अकरा आठवड्यांचा संप सीत्से वीर्समा यांनी चालवला.'

सीत्से हा आल्त्येबाईंचा नवरा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आल्त्येबाई अठ्ठ्याऐंशीच्या. प्रत्येक सभेला त्या त्याचा फोटो पर्समधून काढून साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवायच्या आणि त्याचं तोंड समोर बसलेल्या लुब्बर्ट बॉस्खरकडे करायच्या. शाखेचा बिस्किटांचा डबा वर्षानुवर्षं याच्याच ताब्यात, आणि कॉफीबरोबर माणशी एकच बिस्कीट मिळायचं. हा लुब्बर्ट संपाच्या वेळी आमच्याच पक्षातर्फे नगरपालिकेत सत्तेवर होता. संप करणारा आमचा आणि तो मोडणाराही आमचा, असं दुहेरी यश शाखेला त्या वर्षी मिळालं होतं.

लुब्बर्ट शांतपणे म्हणाला, "मी पोलीस पाठवले नव्हते. कामगारांशी संवाद साधायला बारा माणसं पाठवली होती. त्यांच्याकडे घोडे होते, इतकंच."

"हो ना," आल्त्येबाई म्हणाल्या. "त्यातल्या एका घोड्याने सीत्सेच्या पायाशी संवाद साधला. वर्षभर काठी घेऊन चालत होता."

रुल्फीनाबाईंनी तडजोड सुचवली, 'काही साथींमध्ये, काही पायी व काही घोड्यावर असताना, विचारांची देवाणघेवाण झाली.' लुब्बर्टला ती पसंत पडली. मसुदा हेगला गेला आणि तिथून परत आला. आमच्या होणाऱ्या सोयऱ्यांना घोड्याची बाजू हवी होती. त्याला त्या कामावर त्याच्या संमतीने नेलं होतं का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं होतं. घोडा हयात नसल्यामुळे संपूर्ण संपच वगळण्यात आला.

जूनअखेर चार पानांचा इतिहास एका ओळीवर आला, 'पूर्वी काही लोक कुठेतरी जमले, आणि प्रत्येकाला एकेक बिस्कीट मिळालं.' दहा जणांनी सह्या केल्या. दहाव्या सहीखाली माझं नाव आहे. मी हरकत घेतली नाही. चिटणिसाने वातावरण बिघडवायचं नसतं.

आल्त्येबाईंनी पेन बंद करून पर्समध्ये टाकलं.

देशभरच्या तीनशे शाखांच्या सह्या आल्या होत्या, एक सोडून. विलीनीकरण थांबलं. दोन पक्षांचे नेते टीव्हीवर एकमेकांशेजारी अवघडून बसले. शेवटी हेगहून फ्लोरिस-यान नावाचा एक सुमतीसल्लागार, म्हणजे अडलेली एकमतं जुळवून देणारा पगारी माणूस, सायकलचं हेल्मेट काखेत घेऊन आला. त्याने आल्त्येबाईंना सांगितलं की तुमचं दुःख पक्षाने ऐकलंय. सीत्सेंच्या नावाचा बाक गावात बसवू, फक्त त्यावर नाव कोरता येणार नाही, नाहीतर बाकीच्यांना वगळल्यासारखं वाटेल. आल्त्येबाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि त्याच्यापुढे फोटो सरकवला.

मंगळवारी सकाळी दहाला शेवटची सभा भरली. कार्यक्रमपत्रिकेतले सगळे विषय संपले. आमच्याकडे सभा संपवण्याआधी कुणाचं काही राहिलंय का, असं एकेकाला विचारतात, आणि कुणाचं काही राहिलेलं नसतं.

"माझं राहिलंय," आल्त्येबाई म्हणाल्या.

फ्लोरिस-यानने वही उघडली. रुल्फीनाबाईंनी डोळे मिटले.

"नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "आज घालाल, पुढच्या लग्नात पुन्हा काढाल. लुब्बर्ट, तुला तो संपाच्या आदल्या दिवसाचा मंगळवार आठवतो? सीत्से रातपाळी करून उपाशी आला होता. त्याने दुसऱ्या बिस्किटाला हात घातला आणि तू डब्याचं झाकण लावलंस. म्हणालास, माणशी एक."

"नियम होता तो," लुब्बर्ट म्हणाला. हे म्हणतानाही त्याचा हात झाकणावरच होता.

"असेल. दुसऱ्या दिवशी तो संपावर गेला. अकरा आठवडे. मला त्याचं ते बिस्कीट हवंय. आत्ता, इथे, फोटोसमोर. लिहिलेलं तुम्ही खोडाल. खाल्लेल्या बिस्किटाला कुणी दुरुस्ती सुचवू शकत नाही."

लुब्बर्टने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी सल्लागाराकडे आणि सल्लागाराने हेल्मेटकडे. पायंडा पडेल का, अशी कुजबुज झाली. मग एक्याण्णव वर्षांच्या लुब्बर्टने झाकण काढलं. डब्याचा खडखड आवाज सगळ्यांना ऐकू आला. आल्त्येबाईंनी बिस्कीट घेतलं, अर्धं फोटोपुढे ठेवलं, अर्धं सावकाश खाल्लं, तोंड पुसलं आणि सही केली. एक पक्ष संपला आणि दुसरा जन्माला आला.

इकडे डबा उघडाच राहिला होता. दुसऱ्या बिस्किटासाठी एकेक करून दहा हात वर झाले. शाखेच्या आयुष्यात चर्चेविना एकमत झालेला हा पहिलाच ठराव. माझा हात सगळ्यात आधी वर गेला होता, हे इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त मीच लिहितो.

आता तुम्ही हसताय. हसा. पण हसता हसता तुमचा स्वतःचा हात कुठल्या डब्याच्या झाकणावर आहे, तेवढं एकदा खाली बघून घ्या.

आणि तो डबा जरा इकडे सरकवता का?