बाईसाहेबांच्या चौदा गोळ्या

माणसाला आजार सोसतो, उपचार सोसत नाहीत. आजारात रजा असते, सहानुभूती असते, उशाशी कोणीतरी फळं कापून ठेवतं. उपचारात नुसती शिस्त असते. त्यामुळे बरं वाटू लागताच औषध बंद करण्याची पद्धत समाजाच्या सर्व थरांत मान्य झालेली आहे, आणि डॉक्टर सोडले तर तिच्याविरुद्ध कोणी तक्रार केल्याचं आढळत नाही.

बिस्किटांच्या कारखान्यातल्या एका तपासनिसाच्या घरी ही पद्धत पिढ्यानपिढ्या सुखात चालू होती. गेल्या दहा वर्षांत त्या घरात अँटिबायोटिकचे एकोणीस कोर्स सुरू झाले. त्यांपैकी पूर्ण झालेला एक (त्या वेळी डॉक्टरांनी गोळीच एका दिवसाची दिली होती). बाकी अठरा वेळा रोगी आपापल्या हिमतीवर बरा झाला, किंवा झालो असं म्हणाला.

तपासनिसाचं काम असं होतं : भट्टीतून निघालेल्या मालातली बारा बिस्किटं दर अर्ध्या तासाला उचलायची, रंग बघायचा, मोडताना होणारा आवाज ऐकायचा, ओलावा मोजायचा आणि तक्त्यात एक ते सात यांपैकी एक श्रेणी लिहायची. एक म्हणजे दगड, सात म्हणजे लगदा, तीन-चार म्हणजे बाजारात पाठवण्याजोगं. सलग तीन नमुने चांगले निघाले की उरलेल्या पाळीत तपासणी न करण्याची मुभा नियमानेच दिलेली होती. बावीस वर्षांत या नियमामुळे कोणाचं काही वाकडं झालं नाही. अर्थात बिस्किटाच्या पायाला पू होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

बाईसाहेब हे त्या घरातलं मांजर. आठ वर्षांपूर्वी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आल्या, कपाटावर चढून बसल्या आणि घराची पाहणी करू लागल्या. ती पाहणी अजून पुरी झालेली नाही. घरात आदरार्थी बहुवचन एकच होतं आणि ते त्यांना देण्यात आलं होतं. तपासनिसाला सगळे अरे-तुरेच करत. एक बायको तेवढी ‘अहो’ म्हणे, पण तीही चारचौघांत.

गेल्या महिन्यात एका परक्या बोक्याने बाईसाहेबांच्या मागच्या पायाला चावा घेतला. पाय सुजला. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी जखम उघडून साफ केली आणि सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तपासनिसाने जखम सकाळी पाहिली, कोरडी. दुपारी पाहिली, कोरडी. संध्याकाळीही कोरडी. सलग तीन नमुने उत्तम. त्याने नियमाला धरून गोळ्या बंद केल्या आणि निश्चिंत मनाने पेपर वाचायला घेतला.

नवव्या दिवशी पाय पुन्हा सुजला, पहिल्याच्या दुप्पट. डॉक्टरबाईंनी जखम पुन्हा उघडली, जास्त कडक गोळी दिली आणि चष्मा काढून तपासनिसाकडे बघितलं.

“या खेपेला अर्धवट सोडलंत, तर पाय वाचेल असं मी सांगू शकणार नाही,” त्या म्हणाल्या. “मोजून चौदा गोळ्या. तुम्हाला काय वाटतं ते मला सांगू नका, आणि तिलाही विचारू नका.”

तपासनीस घरी निघाला. मांजराची पेटी मांडीवर होती आणि आतून बारीक कण्हणं ऐकू येत होतं. दुखणं बोक्याने दिलं होतं. ते परत आणलं होतं तपासनिसाने, आणि हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवीन अडचण उपस्थित झाली. बाईसाहेबांना जुलाब सुरू झाले. पहिल्या तासाभरातली स्थळं पुढीलप्रमाणे नोंदली गेली : वाळूचा ट्रे, ट्रेच्या शेजारची जागा, न्हाणीघरातलं पायपुसणं आणि मेहुण्याचा डावा बूट. मेहुणा, म्हणजे तपासनिसाच्या बायकोचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला खाली यायचा. चौथ्या स्थळामुळे त्याला या प्रकरणात रस उत्पन्न झाला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. औषध सुरू झालं, पोट बिघडलं. औषध बंद करा, पोट सुधारेल. स्वतः त्याने आयुष्यात अकरा कोर्स सुरू केले होते, एकही संपवला नव्हता आणि तरी तो ठणठणीत होता (मधून मधून महिनाभर खोकायचा, पण त्याला तो हवामान म्हणे).

“भावोजी, माझं ऐक. त्या मुक्या जीवाला काय छळतोस?” असं म्हणून तो बूट धुवायला गेला.

मोह मोठा होता. तपासनिसाने गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिलं, मग त्या पायाकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं की गोळी वाईट जंतूंबरोबर पोटातल्या चांगल्या जंतूंनाही मारते, म्हणून असं होतं. गोळी थांबवायची नाही, रिकाम्या पोटी द्यायची नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. दूध अजिबात नाही, पाणी भरपूर. चांगल्या जंतूंची पावडर मिळते, ती द्यायची, पण गोळीनंतर दोन तासांनी, नाहीतर गोळी त्यांनाही खाऊन टाकते. माणसांची जुलाबाची गोळी चुकूनही नको. रक्त दिसलं, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर लगेच घेऊन यायचं.

हे सगळं तपासनिसाने हाताशी होता त्या कागदावर उतरवलं. तो कारखान्याचा तपासणी तक्ता निघाला. पाहतो तर नवीन काही आखायची गरजच नव्हती. वेळ, रंग, ओलावा, श्रेणी एक ते सात, शेरा : सगळे रकाने तयार होते. बावीस वर्षं आपण कसली तयारी करत होतो, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

यानंतर त्या घराची व्यवस्था इतकी सुधारली, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. सकाळी सातला चिकन, सव्वासातला गोळी, सव्वानऊला पावडर, साडेनऊला नमुना. ट्रेशेजारी विजेरी, हातमोजे आणि भिंग टांगण्यात आलं. घरातल्या माणसांनी कधी जेवायचं याबद्दल तक्त्यात काहीच नसल्यामुळे ती उरलेल्या वेळात उरलेलं जेवत. बिस्किटं मात्र घरात यायची बंद झाली, कारण चहाबरोबर ती पुढे आली की तपासनीस सवयीने श्रेणी सांगायचा. कारखान्यातही एकदा ओला घाणा निघाला, तेव्हा त्याने भट्टीवाल्याला अत्यंत गंभीरपणे दोन तास थांबून पावडर द्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी चिकन उकडता उकडता त्याची बायको म्हणाली, “अठ्ठावीस वर्षं मी या घरात आजारी पडतेय. माझ्यासाठी साधं पाणी कोणी कधी उकळलं नाही.” तपासनिसाला ते पटलं. त्याने ते तक्त्यात ‘इतर शेरे’ या रकान्यात नोंदवून ठेवलं.

गोळी देण्याच्या पद्धतीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. बायकोने बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळून धरायचं, तपासनिसाने जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, वरून पिचकारीने थोडं पाणी सोडायचं आणि घसा चोळायचा. कोर्स संपेपर्यंत एका गोळीमागे सरासरी तीन प्रयत्न पडले. दोन गोळ्या कोचाखाली सापडल्या, एक बायकोच्या केसांत. चौथ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांनी गोळी सोडून तपासनिसाचा अंगठा पसंत केला आणि दात मुळापर्यंत रुतवले.

माणसांच्या डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं आणि सात दिवसांचा कोर्स लिहून दिला. टॉवेल वापरला नाही, कारण तपासनीस शिकला-सवरलेला माणूस होता.

पाचव्या दिवशी बाईसाहेबांनी सकाळचं चिकन हुंगलं आणि तोंड फिरवलं. अकराला फिरवलं, दुपारी फिरवलं. तपासनिसाने रजा टाकली आणि बशी घेऊन जमिनीवर बसला. संध्याकाळपर्यंत तक्ता कोराच राहिला. तो घाबरला होता. आपण एकदा गोळी थांबवून पाय बिघडवला आणि आता गोळी देऊन जीव घेतोय, असं त्याच्या मनात येत होतं आणि ते कोणाला सांगण्याची सोय नव्हती. मेहुणा जिन्यातून डोकावला, काही बोलायला तोंड उघडलं आणि बहिणीचा चेहरा बघून परत वर गेला. संध्याकाळी पाचला डॉक्टरबाईंकडे निघायचं ठरलं. पावणेपाचला बाईसाहेब उठल्या, आळस दिला, तपासनिसाच्या बोटावरचा चिकनचा तुकडा चाटला आणि मग गिळला. मग बशीकडे बघितलं. बायकोने बघू नये म्हणून तपासनीस कोचाखाली काहीतरी शोधू लागला.

त्या संध्याकाळी श्रेणी पाच, सहाव्या दिवशी चार. सातव्या दिवशी सकाळी तीन, रंग उत्तम, आकार सुबक, बाजारात पाठवण्याजोगं. रात्री चौदावी गोळी पहिल्याच प्रयत्नात आत गेली. कुटुंबाच्या ज्ञात इतिहासात अँटिबायोटिकचा दीर्घ कोर्स पूर्ण करणारी पहिली व्यक्ती म्हणून बाईसाहेबांची नोंद करण्यात आली.

आठव्या दिवशी नवरा-बायको दोघं बाईसाहेबांना दाखवायला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी पाय दाबून, वाकवून पाहिला. जखम भरली होती, सूज नव्हती, पाय शाबूत होता. त्यांनी तक्ता वाचला आणि असा रोगी-पालक आपण प्रथमच पाहत असल्याचं मोकळेपणाने सांगितलं. तपासनिसाने तक्ता परत घ्यायला हात पुढे केला. डाव्या हाताने. उजवा खिशात होता.

“तो हात बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

अंगठा वांग्यासारखा झाला होता आणि लाली मनगटापर्यंत चढली होती. तपासनिसाने खुलासा केला, की दोन दिवस गोळ्या घेतल्या, पण पोट बिघडलं, कारखान्यात दर अर्ध्या तासाला नमुने घ्यायचे असतात, संडास लांब आहे, आणि शिवाय बरं वाटत होतं. डॉक्टरबाईंनी तक्ता पुन्हा हातात घेतला आणि रकाने पाहिले. त्याच्या नावाचा एकही नव्हता. खरं तर पोट बिघडल्याचं त्याने घरातही कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याला तसं कोणी विचारलंही नव्हतं.

“आत्ताच्या आत्ता यांना दवाखान्यात न्या,” त्या बायकोला म्हणाल्या. “उद्यावर टाकलंत तर बोट जाईल. आणि घरी आल्यावर गोळी तुम्ही द्या. यांच्या हातात देऊ नका.”

बायकोने पिशवीतून टॉवेल काढला आणि खांद्यावर घेतला. तपासनीस निमूटपणे तिच्या मागून चालू लागला.

बाईसाहेब पूर्ण बऱ्या झाल्या याचं श्रेय कडक गोळीला, पावडरीला आणि चिकनला दिलं जातं. प्रत्यक्षात कारण साधं होतं : ‘आता बरं वाटतंय का’ असं त्यांना कोणी विचारलं नाही. तुम्हाला मात्र सगळे विचारतात, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी ‘हो’ म्हणता. अर्ध्यावर सोडलेलं गोळ्यांचं एक पाकीट या घडीला तुमच्या घरात कुठे पडलं आहे, हे वाचता वाचता तुम्हाला आठवलं असेलच. ते कुठल्या दुखण्याचं, ते मात्र आठवत नसेल. अशा परिस्थितीत एकच सल्ला देता येईल. एखादं मांजर पाळा. घरात कोणीतरी एक जण तरी पूर्ण बरा होईल.