मातीसकट शेंगा

विद्याधरच्या घरात जंतू शिरला तर उपाशी मरेल, असं तो पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. कमरेला पेजर आणि हातात फिनेल, असा त्याचा रविवार! कानडी मुलखात, बसवनगुडीत बिऱ्हाड केल्यापासून कायदा असा, की बायकोने, सुचेताने, कशालाही शिवण्याआधी हात जंतुनाशकात बुडवायचा.

"अरे, आपण संसार करतोय की ऑपरेशन?" ती विचारायची.

मग तिच्या बोटांवर लाल चट्टे उठले, सांधे दुखायला लागले. तिच्या आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. दोघं तडक डॉक्टरांकडे धावले. घरमालकीण पद्मावतीअक्का, त्यांचे भाऊ डॉक्टर गुरुराज. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, आठवड्याने या म्हणाले.

नेमकं तेव्हाच विद्याधरने मासिकात वाचलं: फार स्वच्छतेत शरीराचे शिपाई रिकामे बसतात आणि घरच्यांवरच उलटतात, असा काही शास्त्रज्ञांना संशय आहे. त्यातला 'संशय' तेवढा सोडून बाकी सगळं त्याने मनाला लावून घेतलं. म्हणजे बायकोला आपणच आजारी पाडलं! बिचारा रडकुंडीला आला. बाटल्या माळ्यावर गेल्या.

आठवडा संपता संपता कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा आली. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग. अक्का उकडायला शेंगा धूत होत्या.

"अक्का, धुऊ नका. आम्हाला मातीसकट द्या. शिपायांना काम हवंय."

"सरी, देते. मातीला स्वल्प चटणी देऊ?"

"पहिला मान तुझा," सुचेता म्हणाली. विद्याधरने डोळे मिटून टरफलांसकट मूठभर चावल्या. सुचेताने एकही तोंडात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना तिचे चट्टे जवळजवळ गेले होते.

"बघ, लागले कामाला!"

"माती तू खाल्लीस आणि चट्टे माझे गेले?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "संधिवात नाही, काही नाही. बोटं कशात बुडवता?"

सुचेताने नवऱ्याकडे बघितलं.

"औषधाने कातडी भाजली, सूज आली, म्हणून दुखत होतं. साबण पुरे."

"मग ते शरीराचे शिपाई?" विद्याधरने विचारलं.

"ते शास्त्रज्ञ बघतील."

विद्याधरच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग त्याने पोट धरलं आणि आतल्या संडासाकडे धूम ठोकली.

"यांना काय झालं?"

"काही नाही डॉक्टर, शिपाई कामाला लागले," सुचेता म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "हात धुऊन ये रे!"