पाळण्याखाली वाकणारे रामटेके काका

बारशाला गेलेला माणूस आधी बाळाचं तोंड पाहतो. आमच्या तुमसरातले रामटेके काका पाळण्याचं बूड पाहतात. गुडघे टेकायचे, मोबाइलची बॅटरी लावायची आणि सरळ पाळण्याखाली शिरायचं. वर बायका नाव ठेवताहेत, गाणी म्हणताहेत आणि खालून आवाज येतो, "एक मिनिट, तपासून घेऊ द्या."

करडी गावात एका आजीनं तर त्यांचा सदराच धरला. "काय ठेवून राहिला रे माह्या नातवाच्या पाळण्याखाली?"

"ठेवून नाही राहिलो आजी, वाचून राहिलो."

आजीला ते पटवायला अर्धं घर कामाला लागलं.

काका बसमध्ये तिकिटं तपासायचे. ते निवृत्त झाले, तपासणी काही निवृत्त झाली नाही. माझ्याकडे चहाला आले की आधी गॅसच्या नळीवरची तारीख वाचणार. मी शाळेत शिकवते. घरी आल्यावर माझीच परीक्षा कोणी घेतलेली मला मुळीच खपत नाही. पण काकांपुढे माझं चालत नाही, आणि नळी मागच्याच महिन्यात बदलावी लागली.

पाळण्यातली उशी, कापसाचं अस्वल, फुगीर गोधडी हे सगळे त्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी. "हे बसलेच कसे? उतरवा." आणि अस्वलाला खरंच कान धरून उतरवतात. "लेकरू पाठीवर, सपाट जागेवर, अन् सोबत कोणी नाही पाह्यजे." एवढं झालं की मग बाळाकडे पाहतात, तेही ते श्वास नीट घेतंय का म्हणून.

हे वेड लागलं ते बेंगळुरूला राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या एका निरोपानं. नात तान्ही असताना इथं काकांकडे ज्या रॉकरमध्ये निजायची, त्या नंबरचे सगळे रॉकर कंपनीनं परत मागवले होते; नंबर बुडावर छापलेला असतो. रॉकर म्हणजे डोक्याकडून उंच, झुलणारी खुर्चीच. बाळ त्यात पटकन झोपतं. पण झोपेत मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडकतो. "अन् लेकरू रडत बी नाही मॅडम," काका सांगतात. "कोणाले समजन?"

मुलानं निरोप धाडला आणि तो मोकळा झाला. झोप उडाली काकांची. कारण आमच्याकडे पाळणा सहसा कोणी विकत घेत नाही, मागून आणतात. ज्यात एक लेकरू धडधाकट वाढलं तो पाळणा शुभ; मग तो या घरून त्या घरी फिरत राहतो. कंपनीचा निरोप जातो ज्यानं विकत घेतला त्याला, नागपुरात. आणि रॉकर असतो बपेऱ्यासारख्या खेड्यात.

बपेऱ्यात खरंच होता. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई बोलता बोलता म्हणाल्या, माझ्या भाचीला, शीतलला, तिच्या बहिणीनं नागपूरहून तसलाच झुला दिला आहे. मी ते काकांना सांगितलं, ही माझी चूक. रविवारी सकाळी हेल्मेट घालूनच ते दारात उभे. "मॅडम, गाडी काढा." कपडे भिजवलेले तसेच टाकून मी स्कूटी काढली आणि बपेऱ्यापर्यंत पुटपुटत गेले.

धान चुरण्याचे, मळणीचे दिवस. शीतल आणि तिची सासू अंगणात सुपं घेऊन बसलेल्या, ओसरीवर लेकरू रॉकरमध्ये गाढ झोपलेलं. काकांनी लेकराला अलगद उचलून माझ्या हातात दिलं आणि रॉकर उलटा केला. नंबर तोच होता. "माह्या नातीचा बी हाच होता," काका म्हणाले.

"याच्यातच निजते जी तो," शीतल म्हणाली. "खाली ठेवलं का उठते. मंग मी काम कवा करू?"

काकांनी नंबरचा फोटो काढला. "हा कंपनीच्या साइटवर टाकू, तुमच्या बहिणीले पैसे वापस मागता येते. पण आता हा कोणाले देऊ नका. बेल्ट कापा, कापड फाडा, मंगच भंगारात. नाही तं उद्या दुसऱ्या घरी जाऊन बसन."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. घरात तान्हं लेकरू असताना पाळणा तोडायचा? "असा अपशकुन आमच्या घरी नाही होत."

"लागला तं मले लागन," काका म्हणाले.

शीतल त्यांच्याकडे रोखून पाहत होती. "बाबाजी, तुमच्या नातीचा बी असाच होता म्हणता. तो तोडला काय?"

मला वाटलं, आता हिला झणझणीत उत्तर मिळणार. पण जन्मभर लोकांच्या सबबी ऐकलेल्या माणसानं स्वतःसाठी एकही सबब काढली नाही.

"नाही तोडला," ते म्हणाले. "घरी आहे."

"मंग पहिले तुमचा तोडा. फोनवर दाखवा मले. नाही दाखवला तं हा इथंच राहीन, अन् माहा पोरगा बी याच्यातच निजन."

परतताना काकांनी स्कूटी सरळ त्यांच्या घराकडे घ्यायला लावली. काकू गेल्यापासून ते घरात एकटे. आतल्या खोलीत मी कधी गेले नव्हते; आज ते मला तिथं घेऊन गेले. खिडकीशी रॉकर होता, कापड धुतलेलं, धुळीचा कण नाही. माझं डोकंच फिरलं. "काका, गावभर सांगत फिरता आणि स्वतःच्या घरात हे? उद्या कोणी मागायला आलं तर?"

"कोणालेच देत नाही मी. नात तं शाळेत जाते आता." ते खाली बसले. "तिले थोडंच निजवायचं आहे? ते लोक येतच नाहीत इकडं. मीच संध्याकाळी बसतो बाजूले. हलवतो. रिकामाच."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी शीतलला व्हिडिओ कॉल लावला. काकांनी कात्री बेल्टला लावली आणि परत काढून माझ्यापुढे धरली. कात्री मी घेतली. कापड ताणून मात्र त्यांनीच धरलं, शेवटच्या शिवणीपर्यंत. थोड्या वेळानं फोनमधून शीतलकडचंही कापड फाटल्याचा आवाज आला.

"लेकराले खाली निजव पोरी," काका फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. "पाठीवर. अन् उठलं तं मले फोन लावजो. तुमचं धान होईस्तोर मी येऊन बसन त्याले घेऊन. मले काय काम आहे."