मोगऱ्याचा अर्क आणि सात नंबरची बस

यंत्राने 'टीं' केलं आणि डेपोतल्या रांगेत सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"पुन्हा फुंका," डेपो मॅनेजर म्हणाले.

सोवळेरावांनी पुन्हा फुंकर मारली. यंत्र पुन्हा ओरडलं, या वेळी जरा जास्तच उत्साहाने. कुणी दारू प्यायलंय का ते कळावं म्हणून रोज सकाळी बस बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला त्यात फुंकावं लागे. ते ओरडलं, तर त्या माणसाची गाडी जाई आणि चौकशी होऊन बहुतेक वेळा नोकरीही जाई. सोवळेरावांनी बावीस वर्षांत दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता, म्हणून तर मंडळींनी त्यांचं हे नाव पाडलं होतं. त्यांना सात नंबरची गाडी जीव की प्राण होती. तिचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात जाणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"साहेब, ते अत्तर आहे," ते कसंबसं म्हणाले.

"तुम्ही अत्तर प्यायलात?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सोवळेरावांना रडू येईल असं वाटलं.

झालं होतं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची बायको नाकाला पदर लावून म्हणाली होती, "अहो, तुम्ही घरात आलात की पेट्रोल पंपावर उभं असल्यासारखं वाटतं." ते सोवळेरावांच्या फार मनाला लागलं. विकतच्या सेंटने तिचं डोकं दुखायचं, तेव्हा त्यांनी घरीच, तिच्या नकळत, नैसर्गिक अत्तर करायचं ठरवलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईने गोड आवाजात साहित्य सांगितलं. मोगऱ्याची फुलं, लिंबाची साल, चार लवंगा आणि व्होडका. शेवटचा शब्द ऐकून त्यांना घाम फुटला. पण ती बाई म्हणत होती, त्याशिवाय फुलांचा वास उतरत नाही. दारूच्या दुकानात कुणी ओळखू नये म्हणून ते हेल्मेट घालून गेले. गाडी नव्हती. चालत गेले.

रोज संध्याकाळी बाथरूमची कडी लावून ते बरणीतली जुनी फुलं काढत, ताजी फुलं नि लिंबाची साल घालत, लागली तर थोडी व्होडका ओतत आणि वास घेऊन बघत. वास घेऊन घेऊन त्यांचं नाक पार बधिर झालं. आज सकाळी थोडा अर्क गाळून लहान बाटलीत भरला, तर त्यांना कसलाच वास येईना. अजून लावायला हवं, असं म्हणत त्यांनी मानेवर, छातीवर आणि थेट मिशीवर अर्धी बाटली रिकामी केली.

"घरी फोन लावा, साहेब. बायकोला विचारा," सोवळेराव म्हणाले. फोनची रिंग वाजायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बायकोला यातलं काहीच ठाऊक नाही.

"वहिनी, हे घरी घेतात का हो?" साहेबांनी स्पीकरवर विचारलं.

पलीकडून हुंदका आला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं!" सोवळेराव किंचाळले.

"पंधरा दिवस झाले, साहेब. पिठाच्या डब्यामागे बाटली लपवलीय. रोज थोडी कमी होते. बाथरूममध्ये दार लावून बसतात, बाहेर येतात तेव्हा डोळे लाल. म्हटलं कामाचा ताण असेल, बोलून दुखवायचं कशाला."

"लिंबाची साल गं ती! डोळ्यात उडते! बाथरूमच्या वरच्या फळीवर बरणी आहे, ती घेऊन इकडे ये!"

"अजून बरणीभर आहे?" बायकोने टाहो फोडला.

तरी ती आली. मेलेला उंदीर धरावा तशी बरणी अंगापासून लांब धरून आली. साहेब कडक होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी तपकिरी पडलेली फुलं निरखली, बोट बुडवून स्वतःच्या मिशीवर फिरवलं आणि यंत्रात फुंकलं. टीं!

"मी सकाळपासून दोन कप चहा घेतलाय फक्त," साहेब घाईघाईने सगळ्यांना म्हणाले. सोवळेराव सुटले.

"माझ्यासाठी केलंत हे?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"तुझ्या नाकासाठी," सोवळेराव म्हणाले. ती रडता रडता हसली, आणि सात नंबर पन्नास मिनिटं उशिरा का होईना, निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र रांगेतल्या तिसऱ्याच माणसाला ओरडलं.

"अत्तर, साहेब," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्या मागच्याने फुंकलं. टीं. "माझंपण अत्तरच."

त्याच्याही मागच्याने तर फुंकण्याआधीच सांगून टाकलं.

"मला मोगऱ्याचा वास कसा येत नाही?" साहेबांनी हुंगत विचारलं.

"नैसर्गिक आहे ना, साहेब. हलकं असतं. सोवळेरावांनीच दिलंय, विचारा त्यांना."

तिघेही त्यांच्याकडे बघायला लागले. जुने सोबती होते, अडीअडचणीला धावून येणारे. हो म्हणावं तर स्टॉपवर उभ्या माणसांचा जीव धोक्यात, नाही म्हणावं तर उद्यापासून डेपोत कुणी चहाला विचारणार नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी एकेकाच्या तोंडाचा वास घेतला. दिवसभराच्या विश्रांतीने नाक आता ठणठणीत झालं होतं.

"यात फूल नाही, साहेब," ते खाली मान घालून म्हणाले. "नुसतीच व्होडका आहे. आणि या शेवटच्याची तर व्होडकासुद्धा नाही, देशी आहे."

साहेब थक्क झाले. तिघांच्या गाड्या थांबवून त्यांनी सोवळेरावांना केबिनमध्ये बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापासून तुम्ही गाडीवर नको."

"साहेब, मी खरं बोललो!"

"म्हणूनच. अत्तर कुठलं नि दारू कुठली, हे त्या यंत्राला कळत नाही. तुम्हाला कळतं. गेटवर खुर्ची टाकतो तुमची. बढती समजा."

तिसऱ्या दिवशी सकाळी सोवळेराव गेटवर बसले. सात नंबर त्यांच्या समोरून गेली. स्टिअरिंगवर कुणी दुसराच होता आणि गिअर टाकताना त्याने तिला नको तेवढं ओरडायला लावलं. सोवळेराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"बघताय काय, सोवळेराव? लवकर करा, माझी गाडी निघायचीय," रांगेतला पहिला ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने त्यांच्या नाकासमोर मोठा आ केला. त्याच्यामागे अजून एकोणचाळीस जण उभे होते.

सोवळेराव खाली बसले. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"कांदा," ते म्हणाले. "जा."