माटोळीला टांगलेला टॅबलेट

आरत्यांच्या पुस्तकातली अक्षरं हल्ली बारीक छापतात, एवढ्याच कारणासाठी मी आरत्या टॅबलेटवर वाचायचं ठरवलं. (अक्षरं होती तेवढीच आहेत, चाळिशी मला लागली आहे, असं कोमलचं म्हणणं. कोमल ही माझी बायको. तिला लांबचंही दिसतं, जवळचंही दिसतं आणि मी लपवलेलं तर आधी दिसतं.)

आमच्या कारापूरला चवथीत, म्हणजे गणपतीत, वाड्यावरची अख्खी वस्ती घुमट-शामेळ ही वाद्यं वाजवत घरोघर आरत्या म्हणत फिरते. ज्याचं घर त्याने आरती धरायची, बाकीच्यांनी मागून ओढायची. बाबा होते तोवर मी मागून ओढणाऱ्यांत होतो आणि फार सुखात होतो. तोंड उघडं ठेवावं, शेवटचं अक्षर लांबवावं, झालं. बाबा गेले आणि थोरला मुलगा म्हणून आरती माझ्या गळ्यात आली. पाठ एकही नव्हती. मग फुकटात मिळणारं एक आरत्यांचं अ‍ॅप मी टॅबलेटवर घेतलं.

फुकटच्या अ‍ॅपात जाहिराती असतात, हे गेल्या चवथीला कळलं. घुमट रंगात आलं होतं आणि मी पडद्यावरची ओळ वाचत होतो. कडवं अर्ध्यावर असताना तिथे आलं, 'आजच न्या फ्रिज, पैसे द्या नंतर!' मी तालात होतो, तालातच वाचून गेलो. वाड्यानेही ते तालात ओढलं. दोनदा ओढलं, कारण कडव्याची शेवटची ओळ आमच्याकडे दोनदा म्हणतात.

सगळे हसले. हसले नाहीत ते शिवदासकाका.

"गौरेशा, तुझो बापूय डोळे धांपून आरत्यो म्हणटालो," ते म्हणाले. "तू डोळे उघडे दवरून म्हणटा आनी तरी चुकता. फुडल्या वर्सा आरतीत परत फ्रिज आयलो जाल्यार हांव तुझ्या घरा गाऱ्हाणें घालपाक येवचो ना!"

गाऱ्हाणं घालायला येणार नाही, ही साधी धमकी नव्हे. आरत्या संपल्या की वाड्यातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून त्या घराची सुखदुःखं देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते गाऱ्हाणं. आमच्या घरी ते काकांनीच घालायचं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी घातलं. ज्या घरात गाऱ्हाणं पडलं नाही, त्या घराबद्दल वाडा पुढच्या चवथीपर्यंत बोलतो. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (गेलं, पण चव लागली नाही.)

"पुस्तक घेवा आनी पाठ करा," कोमल म्हणाली.

आता, तंत्रज्ञानाच्या अडचणीवर उपाय तंत्रज्ञानातच शोधायचा असतो. म्हणून मी प्रवीणला बोलावलं. प्रवीण माझा मेहुणा, बांद्याचा. ट्रकच्या इंजिनापासून मोबाइलपर्यंत जे जे उघडता येतं ते ते तो उघडतो आणि बहुतेक वेळा परत बंदही करतो.

"भावोजी, टॅबलेट रूट करूक व्हयो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे टॅबलेट तुमचो, पण मुख्य चावी कंपनीकडे. रूट केलो की ती चावी आपल्या हातात. मग जाहिराती मुळातच बंद."

माझ्या स्वतःच्या घरातली मुख्य चावीसुद्धा माझ्याकडे नसते, त्यामुळे ही कल्पना मला भलतीच आवडली. प्रवीणने रूट केलं. त्यात टॅबलेटमधले सगळे फोटो गेले, वॉरंटी गेली, पण जाहिराती गेल्या! मी नोकरी करतो त्या पतसोसायटीत माझ्या टेबलाशी जो कोणी कर्जाची चौकशी करायला येई, त्याला मी आधी सांगत असे, "माझा टॅबलेट रूटेड आहे." माणसं कर्ज न घेताच परत जाऊ लागली.

आणि मग अपडेट आलं. कंपनीने आपणहून, मला न विचारता, कुलूपच बदललं. सकाळी उठून बघतो तर चावी निकामी आणि पडद्यावर फ्रिज हजर. रविवारी प्रवीण बांद्याहून मोटरसायकल हाकत आला, परत रूट केलं, बांगड्याचं हुमण जेवला आणि गेला. पुन्हा अपडेट, पुन्हा प्रवीण, पुन्हा हुमण. सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक अपडेट' मी माझ्या हाताने बंद केलं होतं. पण ते बहुधा आमच्या घरातल्या माझ्या मतासारखं होतं. नोंद होते, अंमल होत नाही.

चवथ जवळ आली तसा माझा जीव टांगणीला लागला. प्रवीणने फोनवर सांगितलं होतं की स्टीलच्या डब्यात रेंज पोचत नाही, म्हणजे अपडेटही पोचत नाही. मी टॅबलेट झाकणाच्या मोठ्या डब्यात घालून माळ्यावर ठेवला.

"नेवऱ्यांचो डबो खय गेलो?" कोमलने करंज्यांच्या डब्यासाठी घर डोक्यावर घेतलं.

"त्यात रूट आहे."

"आनी नेवऱ्यो खय ठेवू? तुमच्या डोक्यात? जागा आसा थय."

चवथीच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घरच्या आरतीची पाळी. प्रवीण आदल्या दिवशीच येऊन ताजं रूट करून राहिला होता. गणपतीच्या वर माटोळीची लाकडी चौकट बांधलेली, तिला कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस, नारळांचा घड. त्यातच मी सुंभाने टॅबलेट टांगला, सगळ्यांना दिसेल असा. वाडा जमला. शिवदासकाका आत आले, त्यांनी वर बघितलं.

"माटोळयेक रानांतलें फळ बांदतात. हें खंयच्या रानांतलें?"

"काका, यंदा फ्रिज येणार नाही," मी छाती काढून म्हणालो. "बघा, नेटसुद्धा चालू करतो. तरी एक जाहिरात दिसणार नाही!" आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वायफाय चालू केलं. (ही माझी हौस. शूर माणूस वाघाला बंद पिंजऱ्यात दाखवत नाही.)

आरती सुरू झाली. पहिली निर्विघ्न पार पडली. दुसरीही. काकांची मान डोलू लागली आणि मला बाबांची आठवण येऊन भरून आलं. बाबा असते तर म्हणाले असते... काय म्हणाले असते ते आठवेपर्यंत तिसरी आरती जोरात आली होती. मी ओळ वाचायला वर बघितलं. तिथे आरती नव्हती. तिथे होतं, 'अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?'

मी तालात होतो.

"आत्ता की नंतर!" वाड्याने ओढलं. घुमट घुमलं. "आत्ता की नंतर!"

उजव्या हातात निरांजन, डाव्या हाताचं बोट तुपाने बरबटलेलं. मी टाचा उंचावून 'नंतर'कडे बोट नेलं. पण मागून चाळीस माणसं आता नुसतं 'आत्ता! आत्ता!' म्हणत होती, ताल तसाच पडत होता, आणि माझं बोट आयुष्यभर चारचौघांच्या तालावरच चालत आलेलं. ते 'आत्ता'वर पडलं.

पडदा काळा झाला. मग कंपनीचं चिन्ह आलं आणि त्याखाली एक चाक गरगरू लागलं. घुमट थांबलं, शामेळ थांबलं. मी निरांजन घेऊन चाकाकडे बघत उभा. पुढची ओळ देवाला ठाऊक, पण देव काही बोलत नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. कोमल! नेवऱ्यांचं ताट कमरेवर धरून तिने जिथे तुटलं होतं तिथूनच आरती उचलली, एक अक्षर न चुकता. घुमटाने तिला धरलं, वाड्याने मागून ओढली. मीही ओढली. तोंड उघडं ठेवून आणि शेवटचं अक्षर लांबवून.

आरत्या संपल्या. कोणी काही बोलायच्या आत कोमलने भावाला विचारलं, "प्रवीण, नेट बंद ठेयला तर त्या अ‍ॅपात जाहिरात येता?"

"नाय," प्रवीण म्हणाला. "नेट नाय तर जाहिरात खयसून येतली? आरत्यो आतच आसत."

"मग हेंका सांगललंस नाय ता?"

"भावोजीनी रूटचा विचारल्यानी, नेटचा विचारल्यानीच नाय. आनी हुमण बरां होता."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. शिवदासकाका पुढे आले. मला वाटलं, आता पायरी उतरून जातात. पण त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. माझे डोळे खरंच पाणावले.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरांतल्या लेकरांनी तुझी सेवा केली, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"त्या सुनेक बरें आयुष्य दी, तिणें आज घराण्याची लाज राखली."

"व्हय म्हाराजा!"

"त्या यंत्राची चावी कंपनीकडेन आसा, ती थंयच रावूं दी."

"व्हय म्हाराजा!"

"आनी फुडल्या चवथीमेरेन ह्या गौरेशाक एक, निदान एक तरी आरती पाठ जावं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. चवथीतलं तेवढं एकच मला पाठ आहे.