मामांना जडलेला आजार

“माझा उल्लेख कुठंही नको,” दुकानातला फळा वाचून भाचीने बजावलं.

“नाव कुठं लिहिलंय? नुसतं ‘भाची’ आहे,” टेलरमामा म्हणाले.

“तुला भाची एकच आहे, मामा.”

मुद्दा बिनतोड होता. भाचीच्या स्नायूंना असा आजार होता, की त्याचं नाव घेताना डॉक्टरांनासुद्धा मध्येच श्वास घ्यावा लागे. रोगी इतके थोडे, की त्यावर संशोधन करायला पैसा कोण देणार? म्हणून मामांनी विडा उचलला होता. मामांनी गावाबाहेरचा डोंगर चढायचा आणि माथा गाठला, तरच लोकांनी संशोधनाला देणगी द्यायची. भाचीची त्याला ना नव्हती. पण जो तो तिचं दप्तर उचलायचा, तिला बघून चुकचुकायचा. त्याने ती पोर आजारापेक्षा जास्त थकायची.

“तुझं नाव निघणार नाही. शब्द दिला,” मामा म्हणाले आणि त्यांनी फळ्यावरचा ‘भाचीच्या’ हा शब्द तेवढा पुसला. जन्मात कुणाचं कापड चुकीचं न कापलेल्या माणसाने शब्द मात्र नको तिथे कापला. फळ्यावर उरलं ते असं : ‘माझ्या दुर्मिळ आजारावरील संशोधनासाठी मी डोंगर चढणार आहे.’

दुसऱ्या दिवशी निवृत्त मास्तर पँट न्यायला आले. फळा वाचून त्यांचा आवाजच बसला.

“कधीपासून हे?”

मामांना वाटलं, चढायच्या सरावाबद्दल विचारताहेत. “झाला की महिना. आधी नुसता दम लागायचा, आता पाय पण दुखतात.”

“आणि घरी?”

“बायको म्हणते, या वयात व्हायचंच असं.”

मास्तर पँट न घेताच डोळे पुसत बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. त्यात रोज जिने चढून मामा वाळले होते. “टेलरचीच पँट ढगळ, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय,” न्हाव्याने निदान केलं.

“अहो, मी ठणठणीत आहे,” मामा ज्याला त्याला सांगू लागले.

“सगळे असंच म्हणतात. मग आजार कुणाला आहे?”

मामा तोंड उघडत, दिलेला शब्द आठवे, की मुकाट मिटत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ठरल्या दिवशी अख्खी गल्ली डोंगराच्या पायथ्याशी हजर. न्हाव्याने तर दुकानातली खुर्ची आणली होती. मामांनी खुर्ची नाकारली, पण मास्तरांपुढे त्यांचं काही चालेना. दहा पावलं झाली की मास्तर हात वर करत. “बसा रे सगळे. त्यांना झेपायला हवं.” मामांचे पाय शिवशिवत होते आणि मामी त्यांचा न आलेला घाम टिपत होती.

“सोंग छान वठतंय,” ती कानात पुटपुटली.

“सोंग कसलं? बसून बसून कंबर धरली माझी.”

असं बसत, उठत, दुपार कलायच्या सुमाराला सगळे माथ्यावर पोचले. टाळ्या झाल्या. मास्तरांनी तिथल्या तिथे देणग्या जाहीर केल्या. मामांनी मागे वळून पाहिलं. पायथ्याशीच थांबते म्हणालेली भाची समोर उभी होती. तोंड लालबुंद, गुडघे थरथरताहेत, आणि पोर हसत होती. मामांसाठी घेतलेली प्रत्येक विश्रांती सगळ्यात मागे बसून तिनेही घेतली होती.

मामांनी तिला बाजूला घेतलं. “आता तरी खरं सांगू दे गं. ही माणसं पैसे देताहेत.”

“सांग की. माझं नाव घेऊनच सांग. पण खाली उतरल्यावर.”

“उतरल्यावर का?”

“आज सकाळपासून कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. काय मजा आली म्हणून सांगू.”

मामांनी कमरेवर हात ठेवला आणि ते मटकन खाली बसले.

“मास्तर,” ते कण्हत म्हणाले, “उतरताना जरा सावकाशच घ्या हं. मला काही झेपायचं नाही.”